तोमोहिरोचं ताट

इत्सुए-सान हसायला लागल्या, तेव्हापासून कायोला धास्ती लागली होती.

एरवी ही आनंदाचीच गोष्ट. एकोणसत्तर वर्षांची बाई. पहाटे साडेपाचला हॉटेलात येते, आठ खोल्यांच्या चादरी बदलते, न्हाणीघरं घासते, लिफ्ट असून जिना चढते, आणि चार वर्षांत तिचे दात कुणी पाहिलेले नाहीत. ती नोव्हेंबरपासून जिन्यात गुणगुणायला लागली. खिडकीवरच्या कावळ्यांशी ती आधीही बोलायची, पण ते रागावणं असायचं. आता ती त्यांची विचारपूस करू लागली.

"लग्नबिग्न ठरवलंत की काय?" नाश्ता बनवणारे मिनामिदे-सान स्वयंपाकघरातून ओरडायचे.

"ठरवलं असतं हो, पण वऱ्हाडाला तुमच्या हातचं घालायची लाज वाटते," इत्सुए-सान जिन्यातूनच म्हणायच्या.

सगळे हसायचे. कायो हॉटेलची मॅनेजर. तीही वरवर हसायची आणि टेबलापाशी येऊन उगाच कागद चाळत बसायची. या हसण्यामागचं कारण तिला ठाऊक होतं. वरच्या मजल्यावर, चादरींच्या खोलीत रोज सकाळी ठेवलं जाणारं ताट रिकामं व्हायला लागलं होतं.

घरातलं माणूस परगावी असलं, युद्धावर असलं, समुद्रावर असलं, की त्याच्या नावानं घरी ताट वाढायचं, ही जुनी रीत. सावलीचं ताट म्हणतात त्याला. तो जिथे असेल तिथे उपाशी राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. ते जिवंत माणसाचं ताट असतं. सूपच्या वाडग्यावर झाकण ठेवायचं आणि थोड्या वेळानं उचलून बघायचं. आतून थेंब धरले असतील तर माणूस सुखरूप आहे. कायोची आजी हे मानायची, आई मानत नव्हती, आणि कायो स्वतः मानते की नाही हे तिनं कधी ठरवलं नव्हतं. तिची लेक शिओरी सेंदाईला कॉलेजात गेली, त्या पहिल्या महिन्यात एकदा दोन दिवस तिचा फोन लागेना. तेव्हा कायोनं नवऱ्याच्या नकळत ओट्यावर एक वाडगा झाकून ठेवला होता. झाकण कोरडं निघालं. तिनं लेकीला एकोणीस वेळा फोन लावला. विसाव्या वेळी शिओरी म्हणाली, "आई, मी झोपले होते गं! आणि तू सूप गरम केलं होतंस का?" केलं नव्हतं.

इत्सुए-सानचं सूप नेहमी गरम असायचं. त्यांच्या मुलाचं नाव तोमोहिरो. अकरा वर्षांपूर्वी तो घरातून निघून गेला होता.

आता जिथे हॉटेल आहे, तिथे असानो नदीच्या काठावर पूर्वी रेशमाचं कापड रंगवण्याचा कारखाना होता. इत्सुए-सान पंधराव्या वर्षी नोतोच्या एका खेड्यातून तिथे कामाला आल्या. रंगवलेलं कापड वाफवायचं काम. उन्हाळ्यात त्या खोलीत बायकांना भोवळ यायची. इत्सुए-सानना कधी आली नाही, हे त्या अजून अभिमानानं सांगतात. तिथेच यासुओ नावाच्या कारागिराशी त्यांचं लग्न झालं. यासुओ-सान थंडीतसुद्धा रबरी बूट घालून नदीत उभे राहायचे आणि वाहत्या पाण्यात कापडाची खळ धुवायचे. कायोचं माहेर मागच्याच गल्लीत. शाळेत जाताना पुलावरून तिनं ते कितीदा पाहिलं होतं. हिरव्या पाण्यात लांबच लांब पसरलेलं कापड, आणि त्याच्या टोकाशी न बोलणारा एक माणूस.

मुलानं हे काम शिकावं ही त्यांची इच्छा होती. तोमोहिरोला ते नको होतं. एका फेब्रुवारीत सकाळी बापानं हाक मारली, "चल, जड कापड आहे, दुसरं टोक धर." रात्री मित्रांबरोबर प्यायलेला मुलगा पांघरुणातून म्हणाला, "आलो." तो आला नाही. बाप एकटाच पाण्यात उतरला आणि तिथेच त्याचं हृदय थांबलं. कापड पुढच्या पुलाच्या खांबाला जाऊन अडकलं होतं. लोकांना आधी ते दिसलं.

सुतक संपवणारे एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले. दुसऱ्या दिवशी तोमोहिरो घरात नव्हता. फोन टेबलावर ठेवलेला, कपडे जागच्या जागी. वय एकोणतीस. पोलीस म्हणाले, प्रौढ माणूस आहे, आपल्या पायांनी गेलाय. इत्सुए-साननी त्या दिवसापासून ताट वाढायला सुरुवात केली. पुढे कारखाना बंद पडला, इमारतीचं हॉटेल झालं आणि त्या तिथेच कामाला लागल्या. इतक्या पहाटे घरून निघावं लागे, म्हणून ताटही त्यांच्याबरोबर हॉटेलात आलं. कायोनं त्यांना चादरींच्या खोलीतली नदीकडची खिडकी दिली. मिनामिदे-सान रोज न बोलता एक वाटा जास्त रांधत. वीस मिनिटांनी इत्सुए-सान झाकण उचलत, थेंब बघत, मान हलवत आणि तो नाश्ता स्वतः खात. वाया घालवायचं नसतं.

आणि कायोजवळ तोमोहिरोचा फोन नंबर होता.

हॉटेल उघडलं त्याच वर्षी एक फोन आला होता. खोली हवी असेल म्हणून कायोनं पेन उचललं. पलीकडे एक माणूस होता. त्याच्या मागे समुद्रपक्षी ओरडत होते. मग तो म्हणाला, "तुमच्या जाहिरातीत एक फोटो आहे. मागे एक बाई चादरीची घडी घालतेय. पाठमोरी. ती माझी आई आहे."

कायोनं फोन दुसऱ्या कानाला लावला. तिनं विचारलं, "तोमोहिरो-सान?"

"चालते का नीट? जेवते का?"

"दोन्ही. तुमच्याही वाट्याचं जेवतात."

मग त्यानं नंबर सांगितला. "काही झालं तरच. फक्त काही झालं तरच. तोपर्यंत तिला सांगू नका. सांगितलंत, तर मी हा नंबरही बदलेन."

कायोनं शब्द दिला. आणि चार वर्षं पाळला. असा निघून गेलेला माणूस मागून कुणाचे पाय वाजले की आणखी दूर जातो, हे सगळेच जाणतात. आईला सांगितलं तर आई त्याच क्षणी फोन लावणार, आणि मग तो कायमचा जाणार. हे पटत होतं. पण रोज सकाळी झाकणाखाली थेंब शोधणारी ती बाई दिसली की कायोला स्वतःचीच चीड यायची. एका वाक्यात सांगता आलं असतं. आहे. बोलतो. तुमची चौकशी करतो.

मग नोव्हेंबरात ताट रिकामं यायला लागलं.

"तुम्ही खाल्लंत?" इत्सुए-सान पहिल्या दिवशी मिनामिदे-सानना विचारायला आल्या.

"मी? मी माझंच केलेलं खाईन होय? काय वेड लागलंय!"

दुसऱ्या दिवशीही तेच. भात संपलेला, माशाचा काटा स्वच्छ केलेला, लोणच्याची एक फोड उरलेली. "त्याला मुळ्याचं लोणचं आवडत नाही," इत्सुए-सान म्हणाल्या. आणि त्या हसल्या. कायोनं त्यांना तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

पाहुण्यांपैकी कुणी खोडी करतंय, असं कायोला आधी वाटलं. पण पाहुणे दोन-तीन दिवसांत बदलत आणि ताट मात्र रोज रिकामं होई. मग पाहुण्यांच्या बारीकसारीक तक्रारी सुरू झाल्या. सहा नंबरच्या खोलीतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, पहाटे मागच्या लोखंडी जिन्यावरून कोण चढतं? पाच नंबरच्या मुली म्हणाल्या, भिंतीपलीकडे एक पुरुष खाकरतो. पलीकडे चादरींची खोली होती.

जानेवारीच्या अखेरीस नागोयाहून ओकुमुरा म्हणून एक जोडपं तीन रात्रींसाठी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई न्हाणीघर समजून चुकून चादरींच्या खोलीचं दार सरकवून आत डोकावल्या. पाच मिनिटांत त्या कोट घालून खाली आल्या. मागून नवरा दोन बॅगा ओढत होता आणि प्रत्येक पायरीवर माफी मागत होता.

"वर कुणी वारलंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. ते परगावच्या माणसाचं ताट आहे. आमच्या एका बाईंच्या मुलाचं."

"मला शिकवू नका. जेवायच्या काड्यांची टोकं उजवीकडे आहेत. जिवंत माणसाला कुणी उलटं वाढत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा शेवटचं मी माझ्या हातानं तसं वाढलंय."

"तो डावखुरा आहे," कायो म्हणाली. "म्हणून त्या तशा ठेवतात."

"असं? मग आहे कुठे तो?"

ते कायोलाही माहीत नव्हतं. ओकुमुराबाई दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "वाफ येत होती त्यावर. आणि चटईवर पावलं होती. ओली."

संध्याकाळी टोकियोहून मालक कंपनीच्या साहेबांचा फोन आला. बाईंनी इंटरनेटवर हॉटेलच्या पानावर सगळं लिहिलं होतं. साहेब सभ्य माणूस, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ते तबक उद्यापासून बंद. बाईंना दुखावू नका, पण बंद."

दुखावू नका! कायोनं फोन ठेवला आणि पहाटेचा गजर लावला.

दुसऱ्या दिवशी ती सहाच्या आधी हॉटेलात आली. नदीवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. ताट वाढण्याआधीच इत्सुए-सानना गाठायचं असं तिनं ठरवलं होतं, पण वर पोचली तेव्हा चादरींच्या खोलीचं दार हातभर उघडं होतं आणि आत खिडकीपाशी तबक मांडलेलं होतं. भात, सूप, भाजलेला मासा. काड्यांची टोकं उजवीकडे. इत्सुए-सान तिथे नव्हत्या. पुढच्या जिन्यावरून खाली जाणारी त्यांची हलकी पावलं तिला ऐकू आली.

समोरची सहा नंबरची खोली रिकामी होती. आज कोण खातं ते बघूच, म्हणून कायो आत शिरली आणि दार फटीएवढं उघडं ठेवून उभी राहिली.

फार वेळ गेला नाही. मागचा लोखंडी जिना वाजला. नदीकडून थेट वर येणारा तो जिना आगीच्या वेळेसाठी आहे, एरवी तो कुणी वापरत नाही. पावलं जड होती. दोन पायऱ्या, थांबणं, दोन पायऱ्या. मग एक खाकरणं, घशातून, पुरुषासारखं. तोमोहिरो. तो खरंच आलाय. इथेच कुठेतरी राहतोय, आणि रोज येऊन आईच्या हातचं खाऊन जातोय.

मागचं दार उघडलं आणि आत इत्सुए-सान आल्या.

त्या अनवाणी होत्या. घोट्यापर्यंत भिजलेल्या, पायजमा चिकटलेला. त्यांनी कायोच्या दाराकडे पाहिलं नाही. त्या खोलीत गेल्या आणि ताटापुढे मांडी ठोकून बसल्या, पुरुष बसतात तशा, गुडघे ऐसपैस टाकून. आयुष्यभर पाय दुमडून ताठ बसलेली ती बाई. त्यांनी डाव्या हातानं काड्या उचलल्या. कायोनं त्यांना शिवताना पाहिलं होतं, लिहिताना पाहिलं होतं; त्या उजव्या होत्या. पण तो डावा हात जराही अडखळत नव्हता. त्या भराभर जेवल्या, वाडगा तोंडाला लावून, शाळेला उशीर झालेल्या मुलासारख्या. लोणच्याची फोड त्यांनी काडीनं बाजूला सारली.

मग जाड्याभरड्या आवाजात त्या म्हणाल्या, "आई, सूप पातळ झालंय."

त्यांनी उत्तराची वाट पाहिल्यासारखं केलं. मग त्या उठल्या आणि आल्या तशाच मागच्या जिन्यानं खाली गेल्या.

कायो सहा नंबरमधून बाहेर आली. किती वेळ गेला कोण जाणे, पुढच्या जिन्यावर गुणगुणणं ऐकू आलं. इत्सुए-सान वर आल्या. पायांत कोरडे मोजे, हातात टॉवेलांची चळत, चेहरा नेहमीचा. दारातून त्यांनी ताट पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही उजळलं, की कायोला मान वळवावीशी वाटली.

"अगं कायो-चान! तू इतक्या लवकर? बघ, बघ ये. आजही संपवलंय." मग चटईकडे लक्ष गेलं. त्यांनी कमरेचं फडकं काढलं आणि वाकून ओल्या पावलांचे ठसे पुसायला घेतले. "चाळीस वर्षांचा घोडा झाला, पाय पुसून आत यावं एवढं कळत नाही. मी कुठवर पुरणार याला!"

ठसे लहान होते. बाईच्या पावलाएवढे. त्या ते पुसत होत्या आणि त्यांना ते दिसत नव्हतं.

ताट बंद करायचं आहे, हे वाक्य कायो घरून पाठ करून आली होती. ते तिनं बाजूला ठेवलं. ती त्यांच्या शेजारी बसली. "इत्सुए-सान, बोलतो का तो तुमच्याशी?"

"छे! मी आले की तो गेलेला असतो. लाजतो गं. बापाचं ते झालं ना, त्यामुळे तोंड दाखवत नाही." त्यांनी फडकं पिळल्यासारखं केलं. "पण आता बोलावतोय मला."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? खाली." त्यांनी हनुवटीनं खिडकीकडे खूण केली. धुकं विरायला लागलं होतं. "म्हणतो, बाबा एकटेच कापड धुतायत. जड कापड आहे. दुसरं टोक कुणीतरी धरायला हवं. आता त्यानं बोलावल्यावर मी काय नाही म्हणणार आहे? पण आज कसं जमेल? आज आठही खोल्या भरणार आहेत, तू एकटी काय करशील! उद्या माझी सुट्टी आहे. उद्या सकाळी येते, असं सांगितलंय त्याला."

हे त्या अशा स्वरात म्हणाल्या, जसं कुणी दाताच्या डॉक्टरची वेळ घेतल्याचं सांगावं.

कायोनं त्यांचा हात धरला. अर्ध्या आयुष्याच्या वाफेनं कातडी जाड झालेला हात. तो बर्फासारखा गार पडला होता. नदीच्या पाण्यातून आलेला गारवा, आणि तोही त्यांना जाणवत नव्हता.

"इत्सुए-सान, आधी खाली चला. मिनामिदे-सानना मुळे सोलून हवेत. त्यांची पाठ धरलीय."

"त्यांची पाठ? जीभ धरली असती तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या, पण उठल्या. टॉवेल नीट रचून ठेवले, रिकामं ताट उचललं आणि कायोच्या पुढे जिना उतरल्या.

स्वयंपाकघराच्या दारात कायोनं मिनामिदे-सानच्या कानात सांगितलं, "यांना क्षणभरही एकटं सोडू नका. नदीकडे जाऊ देऊ नका. गरम पाण्याची बादली द्या पाय ठेवायला." मिनामिदे-साननी मान हलवली. कान टवकारून बसलेल्या इत्सुए-सानपुढे त्यांनी मुळ्यांची टोपली आदळली. "हे घ्या. आणि साल पातळ काढा, मागच्या वेळी अर्धा मुळा फेकलात."

"मागच्या वेळी मी नव्हतेच, तुमचंच कर्तृत्व ते."

कायो टेबलापाशी आली. चार वर्षांपूर्वी पाहुण्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला नंबर तिला आता वही न उघडता पाठ होता.

काही झालं तरच, असं तो म्हणाला होता. काय झालं होतं? पडल्या नाहीत, ताप नाही, दवाखाना नाही. डॉक्टरला दाखवायचं, मग शहराच्या वृद्ध मदत केंद्राला कळवायचं, एखादी सोय लागेपर्यंत रोज कुणीतरी बरोबर द्यायचं. हे सगळं ती आज करणारच होती. पण उद्या नाही तर परवा, इत्सुए-सान पुन्हा त्या जिन्यानं खाली जातील. मुलानं बोलावलंय म्हटल्यावर त्यांना डॉक्टर अडवणार नव्हता, मदत केंद्र अडवणार नव्हतं, कायोसुद्धा अडवणार नव्हती. ते फक्त एकालाच जमण्यासारखं होतं. तो चिडेल. कदाचित नंबर बदलेल. कदाचित हा नंबर कधीचाच बदललाही असेल. आणि काही होईपर्यंत थांबायचं, तर मग पाण्यातून वर काढलेल्या बाईचं नाव त्याला सांगावं लागेल. आपण दिलेला शब्द पाळला, एवढंच समाधान पदरात घेऊन.

शिओरीनं कधी कुणाला असं सांगून ठेवलं असतं, आणि त्या माणसानं असा शब्द पाळला असता, तर कायोनं त्याला जन्मात माफ केलं नसतं.

तिनं फोन उचलला. मग पुन्हा खाली ठेवला, कारण एक गोष्ट आधी ठरवायला हवी होती. हॉटेलचं नाव कानावर पडताक्षणी त्याला वाटणार, आई गेली. ठरलंच तसं होतं. म्हणजे नाव नंतर. पहिलं वाक्य: तुमची आई जिवंत आहे. दुसरं: आजच निघा.

आतून मुळ्याची साल सोलल्याचा आवाज येत होता. कायोनं आकडे दाबायला सुरुवात केली.